उजवीकडून पहिलं रीळ

मधुभाऊंचा फोन आला तेव्हा मी सोनाळ्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावलेल्या शिडीवर उभा होतो. उंदरांनी इंटरनेटची केबल कुरतडली होती आणि तिच्यातल्या केसाएवढ्या काचेच्या तारा मी एकेक करून जोडत होतो. मोबाइल खिशात दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा उचलला. "हनीफभाई, ताई गेली," मधुभाऊ म्हणाले. मी विचारलं, "कुठी गेली?" खरंच विचारलं. सुजाताताई कुठे ना कुठे जातच असायच्या... बुलडाण्याला पेपर तपासायला, अकोल्याला कुणाच्या लग्नाला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, तेव्हा मला कळलं. कॉलेजला निघताना चप्पल घालायला ओट्यावर बसल्या आणि बसल्याजागी कलंडल्या, हे मागाहून समजलं.

आता लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो. शिडी उतरताना माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, सुटलो. आता त्यांना कधीच कळणार नाही. आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची अशी काही शरम वाटली की शेवटची पायरी चुकली आणि मी धपकन खाली बसलो. ग्रामपंचायतीचा शिपाई धावत आला. "चाचा, लागलं काय?" मी म्हटलं, हाव, लागलं. त्यानं गुडघा पाहिला, कुठे खरचटलेलंही नव्हतं.

कळणार नाही म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. डॉ. सुजाता हेलोडे या भागात मोताळ्याच्या हेलोडे मॅडम म्हणून ओळखल्या जात. कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. पण त्याआधी बरीच वर्षं त्या दूरच्या एका शहरात, काचेच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होत्या आणि मी तिथे त्यांच्याबरोबर काचकाम करत होतो. तिथे माझ्या हातून एक चूक झाली. तिच्यामुळे त्यांचं संशोधन उलटं पडलं आणि सगळं सोडून त्यांना गावी परत यावं लागलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यांना ते ठाऊक नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. हे पोटात ठेवून मी दर ईदला त्यांना शीरखुर्मा वाढत होतो आणि त्या दुसरी वाटी मागत होत्या.

आमची ओळखही काही प्रयोगशाळेला शोभेल अशी झाली नाही. मलकापूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं काच कापायचं आणि फोटोला फ्रेम लावायचं दुकान होतं. त्यात माझं बालपण गेलं. पुढे काच फुंकण्याचं शिक्षण घेतलं आणि कंत्राटावर त्या प्रयोगशाळेत लागलो. तिथे कुणाची भाषा मला कळेना, माझं हिंदी त्यांना विनोदी वाटे. पहिल्याच आठवड्यात गरम नळी हाताला लागली आणि माझ्या तोंडून गेलं, "आई वं, मेलो ना बे!" पलीकडच्या टेबलावर एक सावळ्या, किडकिडीत बाई सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसल्या होत्या. त्यांनी डोकं वर काढलं. "कुठचे हो तुम्ही?" "मलकापूरचा, मॅडम." "मंग मॅडम-बिडम काऊन म्हनता? मी मोताळ्याची हावो." त्यांनी बर्नॉल आणलं, माझ्या बोटाला लावलं, आणि त्या दिवसापासून त्या सुजाताताई आणि मी हनीफभाई. प्रयोगशाळेत आमच्या दोघांचं बोलणं तिसऱ्या कुणाला कळत नसे. त्याचा आम्ही भरपूर फायदा घेतला.

त्यांचं काम काय होतं, ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. त्यांनी मला ते डब्यातली भाकरी मोडता मोडता समजावलं होतं. काचेच्या तारेतून उजेड धावतो, त्यावर आपले फोन आणि इंटरनेट चालतात. पण लांब गेला की उजेड दमतो. मग वाटेत त्याला पुन्हा जोर द्यावा लागतो. तो जोर देणारी तार वेगळी असते, तिच्या काचेत एखादी धातू चिमूटभर मिसळलेली असते. जी धातू सगळीकडे वापरतात ती उजेडाच्या एकाच पट्ट्यात कामाची. बाकीचे पट्टे रिकामे पडलेले, पडीक रानासारखे. बिस्मथ नावाची धातू मिसळली तर ते रानही वहितीत येईल, असं जगातल्या थोड्या लोकांना वाटत होतं, आणि सुजाताताई त्यांतल्या एक होत्या. गंमत म्हणजे काचेत शिरलेल्या बिस्मथचं नक्की कोणतं रूप उजेड देतं हे तेव्हा कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. ताईंना याचाच फार आनंद. "सांगा बरं हनीफभाई, एवढे मोठमोठे लोक, आन् कोनाले माहीत नाही!" असं म्हणताना त्यांचे डोळे असे चमकायचे की मलाच वाटे, बरं झालं माहीत नाही.

माझं काम काचेची नळी यंत्रावर गरगर फिरवत खालून ज्योत देण्याचं. नळीच्या आत काचेचा पांढरा भुसभुशीत थर बसायचा, अगदी कापसाच्या पेळूसारखा. तो थर बिस्मथच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, मग नळी इतकी तापवायची की ती स्वतःत मिटून भरीव कांडी व्हावी. बिस्मथ मोठा चंचल. ज्योत जरा जास्त झाली की उडून जातो, आणि जास्त राहिला तर काच तपकिरी पडते. कांडी झाली की ती उंच मनोऱ्यावर भट्टीत टांगायची आणि खालून तिची तार ओढायची. तार रिळावर गुंडाळत यायची. या कामात माझा हात बसला होता, हे सांगायला मला संकोच नाही. ताई म्हणायच्या, यंत्र लय हायेत, हात एकच हाय.

त्याच वर्षांत गावाकडून मधुभाऊंचे फोन येत. मधुकर हा ताईंचा धाकटा भाऊ, शेती तो पाहायचा. बीटी कपाशी नवी नवी आली होती. पहिल्या हंगामांत बोंडात अळी दिसेना म्हणून मधुभाऊ फोनवर इतके हसत की ते मला लांबून ऐकू येई. बियाण्याच्या मोठ्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचं एक लहान पाकीट यायचं, ते शेताच्या कडेकडेनं पेरायचं, म्हणजे अळीला बीटीच्या झाडातल्या विषाची सवय लवकर होत नाही. सगळा गाव ते लहान पाकीट फेकून द्यायचा. ताई दर पेरणीला फोन करून विचारणार, "लहान पाकीट पेरलं काय?" मधुभाऊ हो म्हणणार. ताई फोन ठेवून मला म्हणणार, "खोटं बोलून राह्यला." पुढे पांढरी माशी आली, तुडतुडे आले, मग बोंडातली अळीही परत आली. फवारणीचे पंप वाढत गेले. एकानं काम होईना म्हणून लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकात कालवायला लागले. फोनवरचं हसणं थांबलं. ताई फोनवर ओरडत, "मधू, कालवू नको रे!"

आता त्या पाच रिळांचं. ताईंनी पाच कांड्या करायच्या ठरवल्या. पहिलीत बिस्मथ अगदी नखभर, दुसरीत थोडा जास्त, असं चढत चढत पाचवीत सगळ्यात जास्त. पाचही तारांत उजेड किती वाढतो ते मोजायचं आणि आलेख काढायचा. कित्येक महिन्यांचं काम. पाचही तारा मी ओढल्या. पहिली तार ओढताना मध्येच तुटली, म्हणून पहिलं रीळ अर्धंच भरलं, बाकीची चार पूर्ण. शेवटची तार झाली तो शुक्रवार होता. लेबलं संपली होती, ऑफिसातून यायची होती. मी पाचही रिळं फळीवर ओळीनं मांडली आणि जुम्म्याच्या नमाजला निघालो. ताई म्हणाल्या, "जा तुम्ही, लेबल मी लावते. ओळीनंच हायेत ना?" मी म्हटलं, हाव ताई, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत.

ओळीनं होतीच ती. फक्त मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस. सातवीपर्यंत माझी पाटी उजवीकडून सुरू झाली, माझी वही उजवीकडून उघडली. वडिलांच्या दुकानात फ्रेमासुद्धा आम्ही उजवीकडून मांडायचो. माझा हात पहिली वस्तू उजवीकडे ठेवतो, त्याला कधी कुणी विचारलं नाही. ताई मोताळ्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या. त्यांनी डावीकडून सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच... अर्धं भरलेलं रीळ डोळ्यांपुढे होतं, पण तार तुटली तेव्हा त्या मनोऱ्यापाशी नव्हत्या.

मोजणी झाली आणि आलेख काय सुंदर आला म्हणता! एक नंबरला उजेड सगळ्यात कमी, पाचला सगळ्यात जास्त, मधली टिंबं शिस्तीत चढत गेलेली. बिस्मथ वाढवा, उजेड वाढवा. सगळ्यांना हेच अपेक्षित होतं, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. न दिसणारा उजेड दाखवणारा एक कॅमेरा होता. पाच नंबरच्या तारेचं वेटोळं ताईंनी मला त्याच्यातून दाखवलं. डोळ्यांना साधी काच, आणि पडद्यावर लखलखीत पांढरं कडं. "हे तुमच्या हातचं हाय," त्या म्हणाल्या. मला भरून आलं. वडील असते तर म्हणालो असतो, अब्बा, बघा, काचेला फ्रेम लावण्यापलीकडेही काहीतरी जमलं मला.

तीन आठवड्यांनी ताई हा आलेख घेऊन एका मोठ्या परिषदेत बोलायला गेल्या. मागे मी जोडकामासाठी पाच नंबरच्या रिळावरून हातभर तार काढायला गेलो. रीळ उचललं आणि हाताला हलकं लागलं. पाहिलं तर अर्धंच भरलेलं. पाच नंबरचं रीळ अर्धं कसं? अर्धं तर पहिलं होतं... मी एक नंबर उचललं. भरलेलं. सगळा आलेख उलटा होता. कमी बिस्मथची तार सगळ्यात जास्त उजेड देत होती आणि ताई तिकडे शंभर लोकांपुढे उभं राहून नेमकं याच्या उलट सांगत होत्या.

ठरवलं होतं, आल्याबरोबर सांगायचं. त्या आल्या त्या पेढ्यांचा खोका घेऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या, परदेशातल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं उठून हात मिळवला, हे सांगताना लहान मुलीसारख्या हातवारे करत होत्या. मी म्हटलं, उद्या सांगू. आणि उद्या सकाळी फोन आला, मधुभाऊ फवारणी करता करता शेतात पडले. औषध अंगात भिनलं होतं, त्यांना बुलडाण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. ताई तासाभरात बॅग भरून निघाल्या. मी स्टेशनवर सोडायला गेलो, गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिलो. ज्याचा भाऊ मरणाच्या दारात आहे त्याला काय रिळांचं सांगणार? तेव्हा माझं न बोलणं बरोबरच होतं. त्यानंतर मात्र ते मला सवयीचं झालं, आणि त्याला माझ्याकडे काही सबब नाही.

मधुभाऊ वाचले, पण हात थरथरायचे, उभं राहिलं की चक्कर यायची. घरात लहान मुलगी, शेत तसंच पडलेलं. ताईंनी रजा वाढवली. मध्ये एकदा आठवडाभर प्रयोगशाळेत येऊन गेल्या म्हणे, पण तेव्हा मी बहिणीच्या लग्नासाठी मलकापूरला होतो. परत गेलो तर त्यांच्या टेबलावर दुसरा माणूस बसलेला. आमच्या प्रमुखांना विचारलं, तर ते फायलीतून मान न काढता म्हणाले, "मॅडमनी राजीनामा दिला. ती पाच तारांची मालिका उलटी निघाली ना, भाषण मागे घ्यावं लागलं." झालं. मी तिथून उठलो. पुढचं विचारायची माझी हिंमतच झाली नाही. आज वाटतं, तेव्हा आणखी एक वाक्य विचारलं असतं तर बारा-पंधरा वर्षांची झोप वाचली असती.

माझं कंत्राट संपलं आणि मीही मलकापूरला आलो. गावोगाव काचेच्या केबली पडायला लागल्या होत्या, तारा जोडणारा माणूस कुणाला नको होता? दुकान तेच, फक्त फ्रेमांच्या जागी जोडयंत्र आलं. ताई मोताळ्यात, मी मलकापुरात, एसटीनं तासाभराचं अंतर. त्या कॉलेजात शिकवायच्या, मधुभाऊंची मुलगी अस्मिता हिचा अभ्यास घ्यायच्या आणि पेरणीच्या दिवसांत स्वतः बांधावर उभं राहून ते लहान पाकीट पेरून घ्यायच्या. बाजाराच्या दिवशी शेतकरी त्यांना रस्त्यात थांबवून औषधाच्या बाटल्या दाखवत. त्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवायच्या आणि शेवटी दम द्यायच्या, "कालवू नका." एकदा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेचं काही तुटलं म्हणून मला बोलावलं. तिथे प्रत्येक फळीच्या कडेला लाल रंगात एक बाण काढलेला, टोक डावीकडे. मला वाटलं, पोरांना व्हेक्टर शिकवत असतील. मनात हसलो आणि कामाला लागलो.

सांगायचा प्रयत्न मी केलाच नाही असं नाही. एका ईदला धीर करून सुरुवात केली. "ताई, ते पाच रिळं होते ना..." ताईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जुनं काऊन काढता हनीफभाई? शीरखुर्म्यात चारोळी जास्त झाली यंदा." आणि चारोळीवर इतकं बोलल्या की माझा विषय वाहून गेला. मला वाटलं, जखम अजून ओली आहे, बोट लावू नये. दुसऱ्या एका वेळी मी गाडीवरून त्यांना स्टॅंडवर सोडताना बोलायला लागलो, तर त्यांनी हेल्मेटमुळे ऐकू येत नाही अशी खूण केली. हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं, त्यांच्या नाही. हे मला आत्ता, लिहिताना लक्षात येतंय.

त्या गेल्यावर पहिल्या गर्दीत मी जाऊन आलो, पण बसलो नाही. बौद्ध रीतीप्रमाणे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यानंतर काही दिवसांनी मधुभाऊंचा पुन्हा फोन. "हनीफभाई, ताईनं तुमच्यासाठी काही ठेवलं हाय. या एकदा." मोताळ्याची एसटी धरली. वाटेत ठरवलं, ताईंना नाही तर मधुभाऊंना सांगायचं. या माणसाला तरी कळलं पाहिजे की त्याच्या बहिणीचं नाव कुणामुळे गेलं. मग तो घराबाहेर काढो की चपलेनं मारो.

ताईंच्या खोलीत खाट, टेबल आणि पुस्तकांचं एक कपाट. मधुभाऊंनी थरथरत्या हातानं कपाट उघडून एक पुठ्ठ्याचा खोका काढला. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आधी माझं ऐका, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं... फळी, उजवीकडून मांडणं, अर्धं रीळ, स्टेशन, शीरखुर्मा, सगळं. मधुभाऊ ऐकत होते. माझं संपलं तेव्हा ते कपाळाला हात लावून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अरे बापा! म्हनजे तुमाले माहीत होतं? आन् ताई मले जन्मभर सांगत राह्यली, मधू, हनीफभाईले कळू देऊ नको, त्याइच्या मनाले लागन!"

खोक्यात ते रीळ होतं. अर्धं भरलेलं. लेबलवरचा पाच आडव्या रेघेनं खोडून त्यावर ताईंच्या अक्षरात एक लिहिलेला. खाली त्यांची कामाची वही आणि छापलेला एक इंग्रजी लेख. अस्मिता आता बी.एस्सी.ला आहे, तिनं वाचून मला अर्थ सांगितला. दवाखान्यात मधुभाऊंच्या उशाशी बसून ताई आलेख पाहत राहायच्या आणि तो त्यांना फार सरळ वाटायला लागला. प्रत्येक कांडीचा एक उरलेला तुकडा त्या जपून ठेवत. त्या आठवड्याभरासाठी परत गेल्या तेव्हा त्यांनी ते तुकडे उजेडात धरले. पाच नंबर म्हणून ठेवलेली तार पहिल्या कांडीच्या स्वच्छ पांढऱ्या तुकड्याशी जुळली, एक नंबरची तपकिरी तुकड्याशी. त्यांनी सगळी मोजणी पुन्हा केली, भाषण आपणहून मागे घेतलं आणि खरा आलेख लिहून पाठवला. कमी बिस्मथ, जास्त उजेड. जास्त टाकला की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि उलट उजेडच खातात. लेख छापून आला, पुढे इतरांच्याही कामात तेच दिसत गेलं. ताईंचं नाव गेलं नव्हतं. त्या लेखावर ते पहिल्या क्रमांकानं छापलेलं होतं. आणि शेवटच्या पानावर आभारात एकच नाव होतं. अस्मितानं ते इंग्रजीतून सावकाश वाचलं. शेख हनीफ, यांच्या हातांसाठी.

मी विचारलं, "मंग त्या परत काऊन आल्या?" मधुभाऊ म्हणाले, "मीबी हेच इच्यारलं होतं. म्हने, माह्यं त्यातलं काम झालं, आता ते कोनीबी पुढं नेईन. तुह्यं काम कोन करन? आन् म्हने, मधू, जास्त टाकलं म्हनजे जास्त निघते, असं नसते. मले हे काचेनं शिकवलं, तुले पंपानं शिकवलं. तुह्यावाली शिकवनी महाग पडली." वहीत त्या तारखेला दोनच ओळी होत्या, मराठीत. 'लेबलं मी लावली, चूक माझी. यापुढे फळी उजवीकडून, हनीफभाईंचा हात तसाच चालतो.' पण आम्ही दोघांनी पुन्हा एका फळीवर कधी काम केलं नाही. तरी त्यांनी ते पाळलं.

मी त्या खाटेवर बसून राहिलो. रडलो, पण ते रडणं चांगलं होतं. छातीवरचा दगड उचलला की आधी हलकं वाटत नाही, आधी तिथे दुखतं, मग श्वास नीट जायला लागतो. मला ताईंचा रागही आला. एवढी हुशार बाई, आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर लिहिलेलं वाचता आलं नाही? मग वाटलं, मला तरी कुठे आलं! दोघंही एकमेकांना जपत बसलो, आणि मध्ये चारोळीवर भांडत राहिलो. सोनाळ्याच्या शिडीवर मी जो सुटलो होतो ते सुटणं खोटं होतं, चोराचं होतं. आता मात्र मी खरोखर सुटलो, आणि त्यांनीच सोडवलं.

अस्मितानं चहा टाकला. साखर काढायची म्हणून तिनं फळीवरचे डबे खाली घेतले, हळद, तिखट, धने, जिरं, साखर. मधुभाऊ तिला म्हणाले, "डबे नीट लाव मांगं, ताईची रीत हाय." मी उठलो. म्हटलं, मी लावतो. फळीच्या कडेला कॉलेजातल्यासारखाच लाल रंगात एक बाण होता, पुसट झालेला, टोक डावीकडे. डब्यांच्या झाकणांवर ताईंच्या हातचे आकडे होते, एक ते पाच, पण ते मी पाहिले नंतर. अस्मितानं काढले होते त्याच क्रमानं मी डबे उचलत गेलो, आणि हात त्याच्या सवयीनं उजवीकडून सुरू झाला. पाचवा डबा ठेवून मागे सरलो, मग आकडे वाचले. सगळे जागच्या जागी होते.